आधी आपलं केंद्र तपासा, मग दुसऱ्याचं केनेल

वाचकाचं पत्र

सर, नमस्कार. मी पशुवैद्यक आहे. शिक्षण नागपूरच्याच पशुवैद्यकीय महाविद्यालयात झालं, नंतरची सगळी नोकरी तालुक्याच्या दवाखान्यांत गेली. गायी-म्हशी, शेळ्या, कृत्रिम रेतन, लाळ्या-खुरकूताच्या लसी, हेच काम. आता प्रतिनियुक्तीवर शहरात आलोय आणि कुत्र्यांविषयीच्या कायद्यांची अंमलबजावणी करणारा अख्खा कार्यक्रम माझ्याकडे दिलाय. पाळीव कुत्र्यांचे परवाने, ब्रीडर (पिल्लांची पैदास करून विकणारे) आणि त्यांच्या केनेलच्या, म्हणजे कुत्री ठेवायच्या जागांच्या तपासण्या, मोकाट कुत्र्यांचं निर्बीजीकरण, चाव्याच्या तक्रारी, सगळं. सकाळपासून फोन सुरू होतात. एक म्हणतो, ‘साहेब, कुत्रे उचला, पोट्टे शाळेत जायले घाबरून राहिले.’ दुसरीकडून एक ताई म्हणतात, ‘एका कुत्र्याला हात लावून दाखवा, कोर्टात खेचते.’

खरी अडचण वेगळी आहे. रिंग रोडच्या पलीकडे एक मोठं केनेल आहे, त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार आली. तिथल्या पिल्लांच्या लसीकरणाच्या पुस्तिकांवर सही माझ्या वर्गमित्राची आहे. होस्टेलला आम्ही एकाच खोलीत होतो. त्याचा फोन आला, ‘अबे, जरा सांभाळून घे.’ एका माजी नगरसेवकाचाही निरोप आला. बायको म्हणते, बदली मागा. मला जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं, फौजदार नाही. हे पद ठेवू की सोडू? ठेवायचं तर सुरुवात कुठून करू?

– एक वाचक, नागपूर

उत्तर

डॉक्टर, नमस्कार.

पद सोडू नका. तुम्ही नाही म्हटलं म्हणून खुर्ची रिकामी राहत नाही. तिथे दुसरा कुणीतरी येईल, आणि त्याला कुत्रीची आचळं बघून ती किती वेळा व्यायली असेल याचा अंदाज येणार नाही. तो कागद बघेल आणि निघून जाईल. फौजदारकी तुम्हाला नको वाटते हे मी समजू शकतो. पण केनेलमधली पिल्लांसाठी ठेवलेली मादी तुमच्या ओपीडीत कधी आली असती का? तिला कुणी दवाखान्यात आणत नाही. तिच्यापर्यंत जायचा रस्ता तपासणीचाच आहे, आणि तो रस्ता आज तुमच्या ताब्यात आलाय.

सुरुवात रिंग रोडच्या केनेलपासून करू नका. सुरुवात सरकारी पिंजऱ्यापासून करा. भांडेवाडीचा निवारा असो, निर्बीजीकरणाचं एखादं केंद्र असो की कोंडवाडा विभागाची गाडी असो, जिथे जिथे तुमच्या कार्यक्रमाचं कुत्रं बंद होतं तिथे आधी जा. न सांगता जा, आणि भर दुपारी जा. खाजगी केनेलसाठी जो तपासणीचा फॉर्म तुम्ही तयार कराल तोच फॉर्म घेऊन जा, तोच भरा, त्याच कडकपणाने शेरे लिहा, खाली सही करा आणि फाईलला लावा. प्रत्येक पिंजऱ्यावर कार्ड आहे का, त्या कार्डावर कुत्रं कुठल्या गल्लीतून आणलं ते लिहिलंय का, शस्त्रक्रिया कधी झाली, लस दिली का, कानाला खूण केली का. मानेवाड्यातून आणलेलं कुत्रं मानेवाड्यातच सोडलं गेलं की येता-येता हिंगणा रोडला उतरवलं, हे त्या कार्डावरून कळायला हवं. निर्बीजीकरणाच्या २०२३च्या नियमांप्रमाणे कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. ते भलतीकडे सोडलं की दोन्ही वस्त्यांत भांडणं लागतात. नवं कुत्रं आलं की तिथली जुनी त्याच्या अंगावर धावतात, आणि मधे माणसं चावली जातात.

हे आधी करा म्हणतो त्याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. ज्या दिवशी तुम्ही खाजगी केनेलच्या दारात उभे राहाल, त्या दिवशी मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: ‘साहेब, तुमचं सरकारी काय चालू आहे ते बघा ना आधी.’ तेव्हा तुमच्या पिशवीत स्वतःच्या केंद्राचा, स्वतःच्या सहीचा, त्रुटी नोंदवलेला आणि त्या दुरुस्त केल्याच्या तारखा लिहिलेला अहवाल असला पाहिजे. मग तोच कागद न्यायालयातही कामी येतो. सगळ्यांना एकच माप लावलं, हे दाखवण्यासाठी याहून चांगला पुरावा मिळत नाही.

दुसरी गोष्ट अधिकारपत्राची. इथे बरेच चांगले अधिकारी फसतात. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६०चा आहे. त्याच्याखाली कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यांचे नियम २०१७ला आले, पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे २०१८ला. ब्रीडरची नोंदणी होते ती राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे. महापालिकेचा श्वान परवाना वेगळा. त्यामुळे ‘मी महापालिकेचा अधिकारी आहे’ एवढ्यावर केनेलचं फाटक उघडायला सांगू नका. आयुक्तांचा लेखी आदेश घ्या, राज्य मंडळाकडून तपासणीचं अधिकारपत्र मागवा, जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीला पत्र द्या आणि त्या पत्राची पोच घ्या. विधी विभागाकडून हे सगळं एकदा वाचून घ्या. यात आठवडे जातील. तुम्हाला वाटेल, तोवर तिथली जनावरं तशीच. पण अधिकार नसताना टाकलेली धाड दुसऱ्या तारखेला कोसळते आणि मालक पुढची कित्येक वर्षं ‘मला निर्दोष सोडलं’ म्हणून सांगत फिरतो.

आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाका, कारण लोक तुम्हाला त्यात रोज ओढतील. आपल्याकडे ‘पेपरवालं पिल्लू’ म्हणतात. तो पेपर म्हणजे केनेल क्लबचं वंशावळीचं प्रमाणपत्र. तो सरकारी नोंदणीचा दाखला नाही. मालक आधी तीच फाईल तुमच्यापुढे ठेवेल, प्लास्टिकच्या कव्हरात, बक्षिसांच्या फोटोंसकट. ती बघा, परत द्या आणि राज्य मंडळाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र मागा.

आता प्रत्यक्ष तपासणी. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचं आयुष्य गोठ्यात गेलंय, केनेलमध्ये नाही.

आत शिरल्यावर पाच मिनिटं काही बोलू नका. नाकाला काय लागतं ते बघा. फिनाईलचा घमघमाट असेल तर एवढंच कळतं की तुम्ही येणार हे त्यांना कळलं होतं. मग पिंजऱ्यापुढे उकिडवे बसा. उभ्या माणसाच्या नाकाला जे जाणवत नाही ते कुत्र्याच्या उंचीवर डोळ्यांत जातं. मुताचा अमोनिया जमिनीपासून उठतो आणि जाळीतलं जनावर दिवसरात्र त्यातच श्वास घेत असतं. डोळे चुरचुरले तर तशी नोंद लिहा, वेळेसकट. नंतर पंजे बघा. तारेच्या जाळीवर राहणाऱ्या कुत्र्याची बोटं फाकलेली असतात, बोटांच्या मधे फोड येतात. नखं वळून आत गेली असतील तर ते कुत्रं कधी चालायला बाहेर नेलेलं नाही, मालक काहीही सांगो. कोपरांवर आणि मागच्या ढोपरांवर घट्टे असतील तर ते उघड्या सिमेंटवर झोपतंय. पाण्याचं भांडं बोटाने घासून बघा. हिरवा चिकट थर एका दिवसात धरत नाही.

माद्यांना प्रत्येकीला हात लावून तपासा. नियम असा आहे की मादी अठरा महिन्यांची झाल्याशिवाय तिला फळवायचं नाही, लागोपाठच्या दोन माजांना पिल्लं घ्यायची नाहीत आणि आयुष्यात पाच वेतांच्या पुढे जायचं नाही. रजिस्टरात ‘दुसरं वेत’ लिहिलंय आणि आचळं लोंबून पोटाची कातडी सैल पडलीये, तर कुणावर विश्वास ठेवायचा हे तुम्हाला सांगायला नको. कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेली ओळख क्रमांकाची मायक्रोचिप वाचायचं यंत्र सोबत असू द्या. चिपचा क्रमांक आणि रजिस्टरातला क्रमांक जुळवणं ही पाच मिनिटांची गोष्ट आहे, आणि तिथेच अर्धी खोटी रजिस्टरं उघडी पडतात.

पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी विकता येत नाही. बैलबाजारात तुम्ही दात बघून वय सांगत आलात, तेच इथे करायचं. चार आठवड्यांच्या पिल्लाला पुढचे दात आणि सुळे असतात, दाढा नीट आलेल्या नसतात. आठव्या आठवड्याला दुधाचे दात जवळजवळ पूर्ण होतात. या आठ आठवड्यांचा आग्रह मी धरतो तो केवळ नियमात आहे म्हणून नाही. त्या काळात पिल्लू भावंडांशी खेळताना शिकतं की चावा कुठवर घ्यायचा. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो. चौथ्या आठवड्यात खोक्यात घालून ट्रॅव्हल्सने पाठवलेलं पिल्लू हे शिकलेलंच नसतं, आणि वर्षभराने तेच कुत्रं घरातल्या लेकराला चावलं म्हणून तुमच्याकडे तक्रार येते. त्या प्रवासालाही पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला लागतो, जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८च्या नियमांपासून लागतो. तो किती जणांकडे असतो ते एकदा स्टँडवर उभं राहून बघाच.

रजिस्टर उघडलं की आधी मृत्यूचं पान काढा. जन्म आणि विक्री सगळेच लिहितात. जिथे वर्षाला अनेक वेतं होतात तिथे काही पिल्लं मरतातच, कितीही जीव लावला तरी. काही अशक्त जन्मतात, काही आईखाली दबतात, काही पार्वोने, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाने जातात. ज्या रजिस्टरात एकही मेलेलं पिल्लू नाही ते खोटं आहे असं समजून पुढची तपासणी करा. आणि मेलेली पिल्लं टाकतात कुठे, हे साफसफाई करणाऱ्या बाईंना विचारा, मालकाला नाही.

पार्वोवरून एक इशारा. तुम्ही स्वतः रोग वाहून नेऊ नका. एका दिवशी एकच केनेल. आत गेल्यावर आधी लहान पिल्लं, मग मोठी, आजारी सगळ्यात शेवटी. बूट आणि कपडे बदला. पार्वोचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनाईलला दाद देत नाही. ब्लीचिंगचं ताजं द्रावण लागतं. तपासणीनंतर आठवड्याभरात पिल्लं मेली तर मालक तुमच्याकडे बोट दाखवेल, आणि कदाचित ते खरंही असेल.

नागपूरचा उन्हाळा मात्र फॉर्ममध्ये वेगळ्या रकान्यात लिहा. दिल्लीत बसून केलेल्या नियमांत ‘पुरेसा निवारा’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि टिनाच्या शेडखाली तो आणखी चढतो. त्या शेडखाली थंड प्रदेशातले हस्की आणि सेंट बर्नार्ड ठेवलेले असतात, कारण गिऱ्हाइकाला तेच हवे आहेत. दुपारी दोन-तीनच्या सुमारास थर्मामीटर घेऊन जा, कुत्र्याच्या उंचीवर धरा, आकडा लिहा आणि त्याचा फोटो काढा. कूलर आहे का, त्यात पाणी आहे का, आणि लोडशेडिंग झालं तर पुढे काय, हे विचारा. चपट्या नाकाचा पग त्या उकाड्यात जीभ बाहेर काढून धापा टाकताना दिसला तर तपासणी तिथेच थांबवा. त्याला सावलीत घ्या, ओलं करा, वारा द्या. तुम्ही तिथे आधी डॉक्टर आहात.

पहिली भेट सगळ्यांना आधी कळवून करा, असं माझं मत आहे. काही प्राणीमित्र यावर माझ्यावर नाराज होतात. पण घरच्या गच्चीवर दोन माद्या ठेवून पिल्लं विकणारे बरेचजण नियमांबद्दल खरंच अनभिज्ञ असतात. त्यांना नियमांची प्रत मराठीतून हातात द्या, त्रुटी लिहून द्या, मुदत द्या. दुसरी भेट मात्र न सांगता, आणि मुदत संपल्याच्या आठवड्यातच. मुदत देऊन परत न जाणं हे मुदत न देण्यापेक्षा वाईट. त्याने सगळ्या गावाला कळतं की साहेब कागद देऊन विसरतात.

आता तुमचा मित्र. हा पत्रातला सगळ्यात दुखरा भाग आहे, तो मी हलक्यात घेत नाही. सेमिनरी हिल्सच्या त्या होस्टेलच्या खोलीत जो जीवाभावाचा झाला, त्याच्या सहीवर शंका घ्यायची वेळ येणं वाईटच. तरीही, ज्या केनेलच्या पुस्तिकांवर त्याची सही आहे ते केनेल तुम्ही स्वतः तपासू नका. आजच एक टिपणी वर पाठवा: अमुक केनेलचे पशुवैद्यक माझे वर्गमित्र आहेत, म्हणून ही तपासणी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे किंवा पॅनेलकडे द्यावी. सोबत पशुवैद्यकीय महाविद्यालयातले एक प्राध्यापक मागा. ही टिपणी तक्रारीच्या फाईलमध्ये दिसली पाहिजे. त्याने तुमचं रक्षण होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचंही होतं. तपासणीत तो स्वच्छ निघाला तर ‘मित्राने वाचवलं’ असं कुणी म्हणू शकणार नाही.

मित्राशी एकदाच बोला. समोरासमोर बसून बोला, फोनवर नको. केनेलबद्दल एक शब्द बोलू नका, त्या फाईलमध्ये काय आहे ते सांगू नका. फक्त सहीबद्दल बोला. त्याला सांगा की न बघितलेल्या पिल्लाच्या पुस्तिकेवर सही करणं हे पशुवैद्यकाच्या आचारसंहितेचा भंग आहे, पशुवैद्यक परिषदेकडे तक्रार गेली तर नोंदणीवर येऊ शकतं, आणि आजपासून त्याने एकही कोरी पुस्तिका सही करून देऊ नये. त्याने मैत्री तोडली तर तोडू द्या. केनेलचे मालक डॉक्टरांना कसं बांधून ठेवतात ते मी जवळून पाहिलंय. आधी महिन्याची ठरलेली रक्कम, मग सोयीसाठी दहा सह्या आगाऊ, मग शिक्काच तिकडे. त्यातून बाहेर पडायला त्यालाही कुणीतरी निमित्त हवं असेल.

माजी नगरसेवकांचं सोपं आहे. फोन उचला, नीट बोला, मान द्या, म्हणणं ऐकून घ्या आणि म्हणा, ‘भाऊ, तपासणी फॉर्मप्रमाणे होईल, अहवालाची प्रत मालकाला मिळेल.’ फोन ठेवल्यावर डायरीत तारीख-वेळ टाकून दोन ओळी लिहा. बस.

कायद्याचे दात किती आहेत तेही माहीत असू द्या, नाहीतर पहिल्याच खटल्यात मन मोडेल. १९६०च्या कायद्याच्या कलम ११खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. एका लॅब्रॅडॉरच्या पिल्लाची किंमत काय, हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे दंडाच्या भरवशावर राहू नका. ब्रीडरला खरी भीती नोंदणी जाण्याची आणि धंदा उघडा पडण्याची असते. नोंदणी रद्द करण्याचा प्रस्ताव नीट पुराव्यानिशी राज्य मंडळाकडे पाठवा, त्याचा पाठपुरावा करा. जनावराला मारलं किंवा कायमचं अपंग केलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ते पोलिसांचं काम. शवविच्छेदनाचा अहवाल तुमचा.

जप्तीचा विचार करताना मात्र आधी मोजा की जागा किती आहे. १९६०च्याच कायद्याच्या कलम ३४खाली पोलीस किंवा राज्य सरकारने अधिकार दिलेला माणूस जनावर ताब्यात घेऊ शकतो. पण चाळीस कुत्री ताब्यात घेतली की ती मुद्देमाल होतात. खटला चालेल तितके दिवस त्यांना खायला, औषधाला, सांभाळायला कोण? मुद्देमाल जनावरांच्या देखभालीचे २०१७चे नियम आहेत, त्यांत हा खर्च मालकाकडून घेण्याची तरतूद आहे; पण ती न्यायालयाकडून मागावी लागते, आपोआप मिळत नाही. संस्थांशी आधीच लेखी बोलणी करून ठेवा: कोण किती घेईल, गाभण माद्या कोण घेईल, आजारी कोण घेईल. ही यादी हातात नसेल तर जप्तीला जाऊ नका. मालकाच्या घाणीतून काढून सरकारी गर्दीत कोंबलेली पिल्लं पार्वोने मेली तर त्यात जनावराचं काय भलं झालं?

मोकाट कुत्र्यांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण फोन जरी सगळे त्याचेच येत असले तरी तिथे तुमच्या हातात पर्याय कमी आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे आदेश छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा. २२ ऑगस्ट २०२५चा आदेश: निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्याच भागात सोडायचं, रेबीज झालेली किंवा रेबीजचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री वगळून, खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्यायच्या. ७ नोव्हेंबर २०२५चा आदेश: शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री उचलायची आणि परत तिथे सोडायची नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाने २०२२मध्ये खाऊ घालणाऱ्यांनी कुत्री दत्तक घ्यावीत असं म्हटलं होतं, त्याला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्थगिती दिली. तो जुना आदेश दाखवून कुणी अंगावर आलं तर शांतपणे पुढचा दाखवा. शाळेजवळून फोन आला तर एक उत्तर, गल्लीतून आला तर दुसरं. दोन्हीकडच्या लोकांना तेच उत्तर द्या आणि लेखी द्या. विधी विभागाकडून दर महिन्याला विचारून घ्या की यात नवीन काही आलं का.

एका गोष्टीकडे मात्र शहरातल्या कुठल्याच कार्यालयाचं लक्ष नसतं, आणि तुम्ही खेड्यातून आलात म्हणून तुम्हाला ती चटकन कळेल. आपल्याकडे कुत्री माजावर येतात त्या मुख्यतः भाद्रपदात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा भाद्रपद लागलेला असतो. तिथून दोन महिने, म्हणजे साधारण त्रेसष्ट दिवस धरा, आणि दिवाळीनंतर गल्लोगल्ली पिल्लं. थंडीत चाव्याच्या तक्रारी वाढतात त्यात बऱ्याचशा पिल्लांवर कुणी पाय टाकला आणि आई धावून आली, अशा असतात. निर्बीजीकरणाचा जोर भाद्रपदाच्या आधी लागायला हवा. पण निविदा मार्चनंतर हलते, पावसाळ्यात उघडते आणि गाडी रस्त्यावर येते तेव्हा निम्म्या माद्या गाभण असतात. तुमच्या हातात एकच काम करायचं असेल तर हे करा: पुढच्या वर्षीची निविदा या हिवाळ्यातच वर पाठवा, म्हणजे अक्षय तृतीयेला शस्त्रक्रिया सुरू झालेल्या असतील. आणि एकेका प्रभागात सगळी कुत्री संपवूनच पुढे सरका. दहाही झोनमध्ये थोडी-थोडी पकडली की कुठेच फरक दिसत नाही. रेबीजसाठी सत्तर टक्के कुत्र्यांना लस हा जागतिक आरोग्य संघटनेचा मापदंड आहे, तोही असाच भाग धरून गाठता येतो.

पैशाचं बोलल्याशिवाय हे पुरं होत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात १९८२चा श्वान कायदा आहे. तिथल्या कृषी खात्याचे श्वान-वॉर्डन परवानाधारक केनेलची वर्षातून किमान दोनदा तपासणी करतात आणि अहवाल कुणालाही वाचता येतात. हा सगळा डोलारा मुख्यतः कुत्र्यांच्या परवाना शुल्कावर उभा आहे. ते शुल्क बरीच वर्षं वाढलंच नाही, वॉर्डनच्या जागा रिकाम्या पडू लागल्या, आणि अखेर २०२३मध्ये कायदा बदलून शुल्क वाढवावं लागलं. आपल्याकडे घरच्या कुत्र्याचा परवाना काढणं म्हणजे कटकट समजतात. तुम्ही लोकांना उलट बाजूने सांगा: या परवान्याच्या पैशातून इतक्या लसी दिल्या, इतक्या तपासण्या झाल्या. झोननिहाय हिशेब नोटीस बोर्डावर लावा. तपासणीचे अहवालही लावा, तुमच्या स्वतःच्या केंद्राचा सगळ्यात वर. पिल्लू घ्यायला निघालेला माणूस तो बोर्ड वाचून ठरवू लागला तर केनेलवाल्याला तुमच्या दंडाची गरजच राहणार नाही.

राहिला प्रश्न वहिनींचा. त्यांना भीती वाटणं स्वाभाविक आहे. घरचा फोन नंबर लोकांना देऊ नका, तक्रारींसाठी कार्यालयाचा वेगळा मोबाईल घ्या आणि रात्री तो ज्याची ड्यूटी त्याच्याकडे ठेवा. सहा महिने करून बघा, मग दोघं बसून ठरवा.

आणि एक काम उद्याच. तुमच्या गाडीवर जाळी घेऊन पहाटे निघणारी पोरं बहुतेक कंत्राटी असतील. त्यांना एका बाजूने लोक ‘कुत्रे का नेता’ म्हणून मारायला धावतात, दुसऱ्या बाजूने ‘का नेत नाही’ म्हणून. त्यांच्यातल्या किती जणांना चाव्याच्या आधी घ्यायची रेबीजची लस मिळालीये ते एकेकाला समोर बसवून विचारा. कार्ड दाखवायला सांगा. नसेल तर मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांशी बोलून तारीख ठरवा, आणि लस पूर्ण होईपर्यंत त्या माणसाला गाडीवर पाठवू नका, मग त्या दिवशी एक फेरी कमी झाली तरी चालेल. चावा बसलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा, हे गाडीच्या दाराला मोठ्या अक्षरांत चिकटवा. गाडीत पाण्याचा कॅन आणि साबण आहे का, हेही उद्या सकाळी गाडी निघण्याआधी स्वतः बघा.